उत्तर कोण आणतं?

दोस्तांनो, एका चिमुरडीने मला विचारलं, "काका, देव प्रार्थना ऐकतो, मग बोलत का नाही?" प्रश्न बिनतोड! ही हकिकत ऐका.

१८७४ साली पुण्यात एक विधवा जीव द्यायला निघाली होती. पोटात बाळ होतं, आणि थारा कुणीच देईना. तिने देवाला काय विनवलं असेल, कोण जाणे. तिला घरात घेतलं ते जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. तिचा मुलगाही त्यांनी दत्तक घेतला. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला.

१८९७ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा याच यशवंतने हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याचा पांडुरंग गायकवाड (नाव बघा, देवाचंच!) आजारी पडला. ज्यांना तेव्हा कुणी शिवतही नसे, अशा वस्तीतलं हे पोर. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखाना गाठला. पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेग झाला. १० मार्चला त्या गेल्या.

जोतिराव देवाला 'निर्मिक' म्हणत. सगळी माणसं त्याची लेकरं, म्हणून एकमेकांची भावंडं, असं ते मानत.

पांडुरंगाच्या घरच्यांनी त्या दिवशी डोळे मिटून हात जोडले असतील, तर डोळे उघडल्यावर त्यांना दारात कोण दिसलं असेल, सांगा बरं?