इन्शुलिनची नोंद : आठवणीवर विसंबू नका

आज घरातून निघताना दाराला कुलूप नीट लावले होते का, हे तुम्ही खात्रीने सांगू शकाल? रोज करावयाच्या कामात कालची आठवण आजच्या आठवणीत मिसळते. कुलपाची शंका परत जाऊन फेडता येते. इन्शुलिनचे तसे नाही.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. मग ते दिवसातून अनेकदा टोचून घ्यावे लागते. टोचलेले इन्शुलिन काही तास काम करीत राहते. शंकेपोटी तीच मात्रा पुन्हा घेतली, तर रक्तातील साखर फार उतरते; घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. मात्रा राहूनच गेली, तर साखर चढते.

१९२२ साली टोरांटो येथे एका १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन दिले गेले, आणि या रोगाचे भवितव्य बदलले. परंतु मात्रांचा हिशेब मात्र रुग्णाच्याच माथी आला. १९८५ साली इन्शुलिनचे पेन निघाले व मात्रा मोजणे सोपे झाले. आता काही पेने मात्रा आणि वेळ स्वतःच टिपून मोबाइलवर पाठवितात. अशा एका पेनाला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली.

हे पेन उपयुक्त आहे, पण सर्वज्ञ नव्हे. किती इन्शुलिन बाहेर पडले ते त्याला कळते. त्यातले थोडे त्वचेवरच ओघळले, तर ते कळत नाही. शिवाय ते महाग आहे. माझ्या मते त्याची खरी शिकवण ही, की नोंद हा उपचाराचाच भाग आहे. ती साध्या वहीतही होते : तारीख, वेळ, साखर, युनिट. अट एकच, टोचल्याबरोबर लिहायचे.

आणि येथेच शाळेचा संबंध येतो. मित्र हसतील, शिक्षक रागावतील, या धास्तीने एखादा मुलगा स्वच्छतागृहात लपून इंजेक्शन घेतो. घाईघाईने लपून घेतलेल्या मात्रेची नोंद बहुधा राहून जाते. पेन कितीही हुशार असो, ही भीती ते दूर करू शकणार नाही. ते काम तुमचे आहे. शिक्षकांनो, अशा मुलाचा मोबाइल काढून घेण्यापूर्वी विचारा. मित्रांनो, तो वर्गात वही उघडून आकडा लिहू लागला, तर त्याला निवांतपणे लिहू द्या.