‘बघू’ म्हणजे कोणती तारीख?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारनं चार कामगार संहिता लागू केल्या. एकोणतीस जुने कायदे मोडून त्यांच्या जागी हे चार आले. टीव्हीवर दोन-चार दिवस चर्चा रंगली, कामगार संघटनांनी विरोध केला, उद्योजकांनी स्वागत केलं, आणि मग नेहमीप्रमाणे दुसरी बातमी आली. या संहितांबद्दल उलटसुलट बोलण्यासारखं खूप आहे. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर सरकारची परवानगी न घेता कपात करायची मुभा मालकांना मिळाली, हा संघटनांचा आक्षेप मला तरी पटतो. पण त्या सगळ्या गदारोळात एका साध्या गोष्टीकडे आपल्यासारख्या गावांतल्या बायकांचं लक्षच गेलं नाही. ती गोष्ट म्हणजे नियुक्तीपत्र. कामावर घेतलेल्या माणसाला मालकानं ते द्यायलाच हवं आणि जे आधीपासून कामावर आहेत, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यायला हवं, असं सुरक्षा व आरोग्याच्या संहितेतल्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय.

आता जरा आपल्या बाजारपेठेतून एक फेरी मारा. साडीचं दुकान, मेडिकल, पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था, डॉक्टरांचा दवाखाना, नवी निघालेली इंग्रजी शाळा. सगळीकडे बायका काम करताना दिसतील. यातल्या किती जणींकडे आपण कधीपासून, कुठल्या कामावर, किती पगारावर आहोत हे सांगणारा एक तरी कागद असेल? बचत गटांच्या निमित्तानं माझा अशा पुष्कळ जणींशी संबंध येतो. ‘नोकरी कशी लागली?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘शेठ म्हणाले, उद्यापासून या.’ पगार? ‘आधी काम तर बघू, मग ठरवू.’ वाढ? ‘दिवाळीनंतर बघू.’ सुट्टी? ‘त्या वेळी बघू.’ अशा ‘बघू’वर आठ-आठ, दहा-दहा वर्षं नोकरी झालेल्या बायका मी पाहिल्यात.

कायद्यात एक मेख आहे, ती आधी सांगते. ज्या संहितेत नियुक्तीपत्राचं कलम आहे, ती साधारणपणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागू होते. म्हणजे दोन मुली कामाला असलेलं मेडिकल त्यात बसणार नाही. पण वेतनाच्या संहितेला दहाची अट नाही. पगाराची चिठ्ठी दिली पाहिजे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, आणि नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार कामकाजाच्या दोन दिवसांत चुकता केला पाहिजे, हे त्यात आहे. ‘हिशोब पुढच्या महिन्यात करू’ म्हणून सोडून गेलेल्या मुलीचे पंधरा दिवसांचे पैसे बुडवणं ही तर आपल्याकडे रीतच पडून गेलीय.

मग हे मागत का नाही कुणी? मी विचारते तेव्हा एकच वाक्य ऐकू येतं, ‘अहो ताई, घरच्यासारखं आहे तिथं. कागद मागितला तर वाईट दिसेल.’ घरच्यासारखं! या शब्दाची मला आता धास्तीच वाटते. लग्नसराईत रात्री साडेनऊपर्यंत थांबायचं असतं तेव्हा दुकान घरच्यासारखं असतं. बोनसच्या वेळी मात्र ते दुकानच असतं.

गंमत अशी, की याच बायका महिन्यातून एकदा बचत गटाच्या बैठकीला बसतात तेव्हा त्यांचं रूप वेगळं असतं. गटाची पंचसूत्री त्यांना तोंडपाठ असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि पाचवं सूत्र म्हणजे चोख लिखाण. कर्ज कुणाला, किती, हप्ता कोणत्या तारखेला, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं इतिवृत्ताच्या वहीत लिहून खाली सह्या. सख्ख्या जावेला पाचशे रुपये दिले तरी त्याची नोंद होते आणि तिथं ते कुणाला वाईट दिसत नाही. उलट ‘लिहिलं का गं?’ म्हणून तीनदा विचारतात. आठवी शिकलेली बाई सचिव म्हणून जे इतिवृत्त लिहिते, ते काही पदवीधरांनाही जमणार नाही. म्हणजे लिहिता येत नाही हे कारण नाहीच. पैसे देणाऱ्यापुढे कागद काढायचा असतो हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, एवढंच. आणि नोकरीत आपणही काही तरी देत असतो, रोजचे नऊ-दहा तास, हे आपण स्वतःच धरत नाही.

बोलण्याचंही तसंच. पगाराचा विषय काढताना आपली सुरुवात कशी होते ते आठवा. ‘सर, रागावणार नसाल तर एक बोलू का... म्हणजे घाई नाही... यांचं काम सध्या बंद आहे, मुलीची फी भरायचीय, सासूबाईंचं ऑपरेशन झालं...’ मालक ऐकतात, त्यांना वाईटही वाटतं, आणि ते खिशातून पाचशे रुपये काढून देतात. झालं! पगारवाढीचा हक्काचा विषय उसनवारीचा होऊन गेला. अडचण खरी असते, पण कामाच्या जागी ती आधी सांगितली की मागणी मागे पडते. त्याऐवजी असं म्हणून बघा, ‘सर, मला इथं चार वर्षं झाली. मी आता काउंटर आणि स्टॉक दोन्ही बघते. मला दोन हजार वाढ हवी आहे.’ एवढं बोलून थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड, बरं का! समोरचा गप्प बसला की आपल्यालाच कसंतरी होतं आणि आपणच ‘नाही जमलं तर राहू द्या’ म्हणून मोकळ्या होतो.

आणि ते ‘बघू’ म्हणाले की हसतमुखानं एकच विचारायचं, ‘चालेल सर, किती तारखेला विचारू?’ यात उद्धटपणा काही नाही. गटात हप्ता चुकवणाऱ्या बाईला आपण हेच विचारतो की. नवऱ्याला किंवा भावाला ‘तुम्ही बोला ना शेठशी’ म्हणून पाठवायची पद्धत मात्र सोडायला हवी. एकदा घरचा माणूस मध्ये आला की पुढच्या प्रत्येक वेळी मालक त्यालाच विचारणार, आणि दोन पुरुष मिळून आपल्या पगाराचं ठरवणार.

तारीख मिळाली की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकायच्या. ‘सर, आज सकाळी बोलल्याप्रमाणे पगारवाढीबद्दल आपण १० तारखेला सांगणार आहात. धन्यवाद.’ बोलून पाठवलेला मेसेज नको, टाइप केलेला हवा. तो मालकांच्या फोनवरही राहतो आणि आपल्याही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात असे इलेक्ट्रॉनिक पुरावे प्रमाणपत्रासह सादर करायची तरतूद आहे. तेव्हा ‘मेमरी फुल्ल झाली’ म्हणून कामाचे मेसेज पुसू नका. हवं तर सकाळच्या शुभेच्छांची फुलं पुसा.

अर्जाचं आणखी वेगळंच. शाळेत शिकलेला अर्ज आपल्या हाडीमाशी इतका भिनलाय, की ‘वरील विषयास अनुसरून आपणास सविनय विनंती करण्यात येते की’ यातच अर्धं पान संपतं आणि हवं काय आहे ते शेवटच्या ओळीत दडून बसतं. कामाचा अर्ज असा असला तरी पुरे होतो: ‘मी दि. १ जून २०१९ पासून आपल्या दुकानात विक्री विभागात काम करते. मला अद्याप नियुक्तीपत्र मिळालेले नाही. त्यात माझे पद, रुजू झाल्याची तारीख आणि सध्याचा पगार नमूद करून ते दि. १५ पर्यंत द्यावे, ही विनंती.’ खाली नाव, सही, तारीख. शेजारणीला वाचून दाखवा. तिला एका वाचनात कळलं, तर अर्ज बरोबर. आणि मराठीतच लिहा हो. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात उद्या तो न्यावा लागला तरी तिथलं कामकाज मराठीतच चालतं. भाच्याकडून इंग्रजीत लिहून घेतलेल्या अर्जात आपण कशावर सही केली हे आपल्यालाच माहीत नसतं.

दुसरी प्रत करून तिच्यावर पोच घ्यायची, म्हणजे ‘मिळाला’ असं लिहून तारीख आणि सही. पोच द्यायला नकार मिळाला तर अर्ज पोस्टानं पाठवता येतो. जुनं रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर ‘रजिस्टर एडी’ मागाल तर गोंधळ व्हायचा. स्पीड पोस्ट करा, पोचल्याचा पुरावा हवा म्हणून सांगा, आणि पावती जपून ठेवा.

पगाराचं निदान चारचौघींत बोलता तरी येतं. कामाच्या जागी कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर तेही अवघड. १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवीवर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि त्यावरून २०१३ चा कायदा आला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिथं जाता येतं. पण तक्रार लेखी हवी, आणि ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तसंच सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. स्वतः लिहिता येत नसेल तर समितीनं लिहायला मदत केलीच पाहिजे, असं कायद्यातच आहे. तक्रारीच्या सहा प्रती आणि साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात.

अशा तक्रारी लिहिताना मी काही जणींच्या शेजारी बसले आहे. पहिल्या कागदावर हमखास एक वाक्य येतं, ‘ते माझ्याशी नको तसं बोलले.’ नको तसं म्हणजे कसं? तिथं पेन थांबतं. तो शब्द स्वतःच्या हातानं लिहायची लाज तिलाच वाटते, बोलणाऱ्याला वाटली नव्हती. पण चौकशीत ‘नको तसं’ याला काही अर्थ उरत नाही. समोरचा सरळ म्हणतो, ‘मी नुसतं कामावरून रागावलो होतो.’ कोणती तारीख, किती वाजले होते, स्टोअररूम की काउंटर, तिथं आणखी कोण होतं आणि तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे, हे सगळं कागदावर यावंच लागतं. त्याच रात्री एखाद्या वहीत तारीख घालून लिहून ठेवलं तर दोन महिन्यांनी आठवायचा त्रास तरी होत नाही. घरात ती वही कुणाच्या हाती लागेल ही भीती असते, हेही मला ठाऊक आहे. एकीनं ती गटाच्या कपाटात ठेवायला दिली होती.

उलट बाजूनं मालकांचा कागद आपल्यापुढे येतो तेव्हाही सावध असावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला काम द्यायचं तर तिची संमती लागते. ही संमती पुष्कळदा दहा कागदांच्या गठ्ठ्यात ‘इथं इथं सही करा’ म्हणून घेतली जाते. ‘घरी नेऊन वाचते आणि उद्या देते’ असं म्हणायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

आमच्या गावातल्या एका कापड दुकानात चौदा माणसं आहेत, त्यातल्या नऊ बायका. त्यातल्या सहा जणींनी मिळून एका अर्जावर सह्या केल्या. तिघी घाबरून मागे राहिल्या, आणि त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. मालक आधी चिडले. मग त्यांच्याच हिशोबनिसानं कायदा समजावल्यावर नऊही जणींना पत्रं मिळाली. त्यात आठ वर्षं विक्री सांभाळणाऱ्या एकीचं पद ‘मदतनीस’ असं लिहिलंय आणि रुजू झाल्याची तारीख चक्क गेल्या वर्षीची टाकलीय. म्हणजे सात वर्षं हिशोबातून गेली, आणि उद्या ग्रॅच्युइटीचा प्रश्न आला की हीच तारीख पुढे येणार. तिनं पत्र घेतलं, पण खाली सही करताना लिहिलं, ‘पद व तारीख मान्य नाही, दुरुस्तीचा अर्ज सोबत जोडला आहे.’ अर्जाची पोच तिच्याकडे आहे. मालक म्हणाले, ‘बघू.’ तिनं तारीख विचारली. त्यांनी पुढच्या सोमवारची दिलीय.