सहीच्या आधी

बँकेत नोकरीची सारी वर्षं मी माणसांच्या सह्या घेतल्या. कर्जाचा कागद वाचून मग सही करणारा क्वचितच भेटे. इस्पितळातल्या संमतीपत्राचंही तेच. वसई रोडहून पहाटेची लोकल गाठून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. "गाठीही काढाव्या लागतील," एवढं ऐकून ती सही करतात. घाबरलेल्या माणसाला "बरी होईन ना?" याखेरीज प्रश्न सुचत नाही.

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिका ग्रंथी काढतात, तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या. कारण रोग बहुधा याच वाटेनं पुढे सरकतो. पण शरीरातल्या पाण्याच्या निचऱ्याची वाटही हीच. पाट बुजला की वाडीत पाणी तुंबतं, तसं ते हातात तुंबतं. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढल्या, तर साधारण पाचांतल्या एकीचा हात पुढे सुजतो. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. आधी बांगडी घट्ट होते, मग पोलक्याची बाही. दादरला फुलांचे भारे नेणाऱ्या बाईला हे आधी कळायला नको? मानेत खांद्याची नस दुखावली, तर लोकलची कडी धरायला हात वर जात नाही.

म्हणून शस्त्रक्रिया टाळावी, असं मात्र मुळीच नाही. टाटामधल्याच डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिलं, की तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या ग्रंथी पहिल्याच वेळी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ वर येईपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के.

स्तनाच्या बाबतीत प्रवास उलट दिशेनं झाला. काखेत गाठ लागत नसेल, तर रोग आधी जिथे पोचेल अशा मोजक्याच ग्रंथी काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या, तर बाकीच्या राखतात. मग हात सुजण्याचा धोका विसांत एकीच्या आसपास उतरतो. हे सर्वांना लागू पडत नाही. पण आपल्याला पडतं का, हे विचारायला पैसे लागत नाहीत. किती ग्रंथी काढणार, का, आणि खांद्याचे व्यायाम कोण शिकवणार, हेही विचारावं.

घरी आल्यावर वेगळंच सुरू होतं. "जीव वाचला ना, मग हाताचं काय घेऊन बसलीस?" असं म्हणणारी प्रेमाची माणसंच असतात. बाई गप्प बसते आणि हात वाढत जातो. वास्तविक सूज लवकर दाखवली, तर पट्ट्या, दाबाची बाही आणि व्यायामानं ती आटोक्यात राहते. बांगडी घट्ट वाटली, की त्याच आठवड्यात दाखवावी. हात लाल झाला, ताप आला, तर त्याच दिवशी.