विश्लेषण : शहराचे प्रश्न विद्यापीठाच्या वर्गात… ओरेगॉनचा प्रयोग काय सांगतो?

एखाद्या रस्त्याचा, नाल्याचा वा उद्यानाचा आराखडा करायचे महापालिकेने ठरवले की पहिली निविदा निघते ती सल्लागार नेमण्याची. त्याच शहरातील महाविद्यालयांत नगररचना, स्थापत्य, पर्यावरणशास्त्र शिकणारे विद्यार्थी मात्र काल्पनिक जागेवरचे काल्पनिक प्रकल्प करून गुण मिळवत असतात. या दोन गोष्टींची गाठ घालण्याचा प्रयोग अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाने २००९ मध्ये सुरू केला. पुढे तो अनेक विद्यापीठांनी उचलला. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागल्याने त्याकडे पाहण्याचे कारण आहे.

उपक्रम नेमका काय?

‘सस्टेनेबल सिटी इयर प्रोग्रॅम’ असे त्याचे नाव. मार्क श्लॉसबर्ग आणि निको लार्को या प्राध्यापकांनी त्याची उभारणी केली. त्यात नवा अभ्यासक्रम नाही, नवा विभाग नाही. विद्यापीठात आधीपासून शिकवले जाणारे विषय तसेच राहतात, फक्त त्यातील प्रकल्प एका खऱ्या शहराकडून येतात. म्हणजे पदपथ आणि सायकल मार्ग, सार्वजनिक इमारतींचा वीजवापर, जुन्या बाजारपेठेचे पुनरुज्जीवन, उद्यानांचा वापर इत्यादी. वास्तुरचनेचा वर्ग आराखडे काढतो, व्यवस्थापनाचा वर्ग खर्चाचे गणित मांडतो, कायद्याचा वर्ग नियमांतील अडथळे शोधतो. एका शैक्षणिक वर्षात शेकडो विद्यार्थी एकाच शहरासाठी काम करतात.

पहिल्या वर्षी ग्रेशॅम, मग राज्याची राजधानी सेलम आणि २०११-१२ मध्ये स्प्रिंगफील्ड अशी शहरे निवडली गेली. यातले स्प्रिंगफील्ड विद्यापीठाला अगदी लागून आहे, ग्रेशॅम मात्र दीडशे किलोमीटरहून दूर. म्हणजे ‘आपल्या गावाची सेवा’ एवढ्यापुरती ही कल्पना मर्यादित नव्हती.

एकच शहर, एकच वर्ष कशासाठी?

उपक्रमाचे मर्म इथे आहे. विद्यार्थ्यांचे सुटे प्रकल्प सगळीकडेच होतात, पण त्यांची दखल कुणी घेत नाही. एका प्राध्यापकाचा एका अभियंत्याशी परिचय असतो. अभियंत्याची बदली झाली की तो धागा तुटतो. पंधरा-वीस वर्ग एकदम एकाच नगरपालिकेत उतरले की चित्र बदलते. आयुक्तापासून नगरसेवकापर्यंत सर्वांना लक्ष द्यावे लागते, स्थानिक वृत्तपत्रे लिहितात, वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी एकमेकांशी बोलू लागतात. शिवाय विषय विद्यापीठ ठरवत नाही. शहर आपल्या गरजांची यादी देते आणि तिच्याशी जुळणारे वर्ग शोधले जातात.

ओरेगॉनमध्ये याला पोषक पार्श्वभूमीही होती. १९७३ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक शहराला भू-वापर आराखडा आणि वाढीची हद्द आखणे बंधनकारक झाले. नियोजनाची सक्ती आहे, पण छोट्या शहरांकडे मनुष्यबळ नाही, ही तिथलीही अडचण.

मग पैसे कोण देते?

शहर देते. विद्यार्थ्यांचे काम म्हणजे फुकटचे काम, असा समज इथे मुद्दाम टाळलेला आहे. प्रवास, समन्वय आणि अहवाल यांचा खर्च कराराने शहराकडे येतो. पदरचे पैसे घातले की अधिकारी बैठकीला येतात, माहिती वेळेवर देतात, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब. सत्र संपल्यावर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला मोबदला देऊन सगळ्यांच्या कामाचा एकत्रित अहवाल लिहून घेतला जातो. तीस विद्यार्थ्यांची तीस सादरीकरणे अधिकाऱ्याच्या उपयोगाची नसतात. एक अहवाल असतो. ही तरतूद किरकोळ वाटते, पण अशा बहुतेक उपक्रमांचे घोडे नेमके इथेच अडते.

मर्यादा कोणत्या?

ओरेगॉन विद्यापीठाचे सत्र सुमारे दहा आठवड्यांचे. तेवढ्यात पर्याय सुचवता येतात, बांधकामयोग्य तपशीलवार आराखडा होत नाही. त्यावर परवानाधारक अभियंत्याची स्वाक्षरी लागतेच. त्यामुळे सल्लागार हद्दपार होत नाहीत. फार तर त्यांना काय सांगायचे हे शहराला नीट कळते. कामाचा दर्जाही वर्गागणिक बदलतो. आणि वर्ष सरले की विद्यापीठ पुढच्या शहराकडे वळते. अहवालाचा पाठपुरावा करणारा अधिकारी नसेल तर तो कपाटात जातो. कौतुकाच्या भरात या बाजूकडे दुर्लक्ष होते.

तरीही मिनेसोटा, आयोवा, सॅन डिएगो येथील विद्यापीठांनी असेच उपक्रम राबवले. या विद्यापीठांचे ‘एपिक-एन’ हे जाळे आफ्रिका व आशियातही पोहोचले आहे.

महाराष्ट्रात काय स्थिती?

सुटे भाग आहेत, जुळणी नाही. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानात अभियांत्रिकी महाविद्यालयांना जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडण्याची कल्पना होती, पण भर मुख्यतः ग्रामीण पाणीपुरवठ्यासारख्या विषयांवर. केंद्राची २०२० मधील ‘ट्युलिप’ योजना पदवीधरांना महापालिकांत उमेदवारीची संधी देते. मात्र ती एकेकट्या उमेदवारासाठी आहे, त्यात वर्ग किंवा प्राध्यापक येत नाहीत. आता क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळतात. पण शहराची प्रश्नसूची हाताशी नसेल तर त्यातून प्रमाणपत्रापुरत्या स्वच्छता फेऱ्याच निघण्याची शक्यता अधिक.

संधी कायद्यातच आहे. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांना लागू असलेल्या अधिनियमाच्या कलम ६७ अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. अनेक महापालिका तो बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात. वृक्ष कायद्याखाली दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. हवा, पाणी, आवाज, कचरा, झाडे यांच्या नोंदी हे महाविद्यालयांना झेपणारे काम आहे. अडचण वेळापत्रकाची. अहवालाची मुदत संपते तेव्हा महाविद्यालयांचे वर्ष नुकतेच सुरू झालेले असते. त्यामुळे पुढच्या जुलैच्या अहवालात विद्यार्थ्यांच्या नोंदी यायच्या असतील, तर महापालिका आणि विद्यापीठ यांच्यातला करार आदल्या जूनमध्येच व्हावा लागेल, आणि त्यासाठीची तरतूद त्याही आधी, फेब्रुवारी-मार्चच्या अंदाजपत्रकात.