डाळिंबाची लाली येते कुठून?

घरात कोणाचे रक्त कमी असल्याचे कळले की पहिला सल्ला मिळतो तो डाळिंबाचा. बाळंतीण असो, वयात आलेली मुलगी असो की रोजे धरून थकलेली सून, "अनार खा, रक्त वाढेल" असे दादीपासून शेजारच्या खालापर्यंत सगळ्याच सांगतात. सल्ल्यामागे माया असते आणि फळही उत्तम आहे. पण या सल्ल्याला आधार आहे तो रंगाचा. दाणा लाल, रक्तही लाल. म्हणून एकाने दुसरे वाढावे, असा आपला हिशेब. या महिन्यात आम्ही या लालीचाच माग काढायचे ठरवले.

त्यासाठी आटपाडीकडे पाहू. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा हा तालुका माणदेशात मोडतो. पाऊस कमी, जमीन बरीचशी हलकी आणि मुरमाड. ज्वारी-बाजरीच्या या मुलखात डाळिंबाने अनेकांचे संसार उभे केले. दुष्काळात लोकांनी टँकरचे पाणी विकत घेऊन बागा जगवल्या. पुढे टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी या भागात आले. इथल्या सौद्यात विकलेले फळ दूरच्या शहरांत जाते आणि आपल्या बागवान बांधवांच्या गाड्यावर येऊन बसते.

आता एकाच शेतात दोन झाडे लावा, एक गणेश वाणाचे आणि एक भगव्याचे. माती तीच, ठिबकची नळी तीच, खतही तेच. तरी गणेशचा दाणा फिकट गुलाबी निघतो आणि भगव्याचा गडद लाल. कुरआनमध्ये सूरह रअदच्या चौथ्या आयतीत याच गोष्टीकडे लक्ष वेधले आहे: एकाच पाण्यावर वाढलेल्या फळांना अल्लाहने वेगवेगळी चव दिली. सूरह अनआमच्या 99 व्या आयतीत तर डाळिंबाचे नाव घेऊन सांगितले आहे की ही फळे एकमेकांसारखी असतात आणि वेगळीही असतात; ती धरताना आणि पिकताना निरखून पाहा. कुरआन हे काही जनुकशास्त्राचे पुस्तक नव्हे आणि त्यातून ते काढण्याचा आमचा प्रयत्नही नाही. पण निरखून पाहण्याचा आदेश आहे, तेव्हा पाहू या.

डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. ही फ्लॅव्होनॉइड या मोठ्या कुटुंबातली. झाड ती एका झटक्यात तयार करत नाही. लग्नाच्या स्वयंपाकात एकजण कांदा चिरतो, दुसरा मसाला वाटतो, तिसरा देग सांभाळतो, तसे इथे एकामागून एक विकरे काम करतात. प्रत्येक विकर कसे बनवायचे याची कृती झाडाच्या एकेका जनुकात असते. शिवाय काही जनुके मुकादमासारखी असतात. काम केव्हा सुरू करायचे आणि किती करायचे, हे ती ठरवतात. डाळिंबात अशी मुख्य रंगद्रव्ये तीन. प्रत्येकाला साखरेचा एक किंवा दोन रेणू जोडले गेले की त्यांची सहा रूपे होतात. कोणते रूप किती, यावर दाणा शेंदरी दिसतो, लाल दिसतो की जांभळट.

या रांगेतला एकच माणूस उठून गेला तर काय होते, याचे उदाहरण पांढऱ्या डाळिंबात आहे. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवले की सालीपासून दाण्यापर्यंत कुठेच लाली नसलेल्या एका डाळिंबात रंग बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यांतील एका जनुकात डीएनएचा परका तुकडा घुसला होता. तेवढ्याने सगळा रंग थांबला. झाड मात्र जगते आणि फळही देते.

लिंबूवर्गातही हाच खेळ आहे. पपनसाचा कडवटपणा आणि संत्र्याचा गोडवा यांत जनुकांचा हात आहे. दोन्हींत फ्लॅव्होनॉइड असतात, पण साखरेचे रेणू जोडण्याची जागा बदलली की एक कडू लागते आणि दुसऱ्याला तशी चवच नसते. भूमध्य समुद्राकाठच्या 'रक्तसंत्र्या'ची लाली 'रुबी' नावाच्या जनुकामुळे येते, हे 2012 मध्ये सिद्ध झाले. नाव रक्तसंत्रे, पण त्याच्या लालीचा रक्ताशी संबंध नाही.

आपल्याकडचा लाल दाणा माणसाने निवडून आणला. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये आळंदी वाणातून मऊ बियांचा गणेश निवडला. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या गणेशचा संकर 'गुल-ए-शाह रेड' या लाल वाणाशी केला गेला. त्या वंशातून मृदुला, आरक्ता आणि भगवा आले. गणेशचा मऊपणा आणि गुल-ए-शाहची लाली भगव्यात एकत्र आली आणि आटपाडीपासून सोलापूर-नाशिकपर्यंत तोच पसरला.

शेती करणाऱ्या वाचकांसाठी यात दोन गोष्टी आहेत. भगव्याची बी पेरली तर भगवा येईलच असे नाही, कारण बीमध्ये जनुकांची नव्याने सरमिसळ होते. म्हणून गुटी कलम. पण कलमाबरोबर मातृवृक्षाचा रोगही येतो. एकाच वाणाच्या कलमांची जनुके सारखी, त्यामुळे तेल्या आला की शेजारचे झाडही तितकेच हळवे ठरते. म्हणून रोप घेण्याआधी मातृबाग स्वतः पाहावी. दुसरे असे की जनुक असले तरी हवामानाची साथ लागते. कडक उन्हात पिकलेल्या फळाचा दाणा फिका राहतो, तर थंडीत पिकणाऱ्या मृग बहाराचा रंग चांगला उतरतो. फिका दाणा दिसला म्हणून गाडेवाल्याने फसवले असे लगेच समजू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्ताची लाली हिमोग्लोबिनची, आणि हिमोग्लोबिनला लागते लोह. डाळिंबाची लाली अँथोसायनिनची, आणि त्यात लोह नाही. दाणा लाल करणारी जनुके वेगळी, लोह साठवणारी वेगळी. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राला जास्त लोहाचे डाळिंब हवे होते, तेव्हा त्यासाठी वेगळा संकर करून 'सोलापूर लाल' हा वाण काढावा लागला. त्याच्या 100 ग्रॅम दाण्यांत 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम लोह असल्याची नोंद आहे. आपल्या स्त्रियांची रोजची गरज 29 मिलिग्रॅम मानली जाते, आणि वनस्पतीतल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो. म्हणजे खास लोहासाठी काढलेला वाणही एकटा पुरत नाही, मग साध्या फळाकडून किती अपेक्षा ठेवायची?

हे सांगण्याचे कारण आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. घरात डाळिंबाचा रस सुरू असतो, सगळे निश्चिंत असतात आणि सरकारी दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या फडताळात तशाच पडून राहतात. गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते, आणि ती किमान 180 दिवस घ्यायची असते. तिची जागा कोणतेही फळ घेऊ शकत नाही. हिमोग्लोबिन 12 च्या खाली (गरोदरपणी 11 च्या खाली) असेल तर डॉक्टरांना दाखवावे. गोळीने मळमळले तर जेवणानंतर घ्यावी, पण चहा किंवा दुधासोबत घेऊ नये. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये. रमजानात ती इफ्तारनंतरच्या जेवणावर घेता येते. गरोदर असताना रोजा धरायचा की नाही, हे मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवावे. शरीअतने अशा वेळी सवलत ठेवली आहे.

ताटातही लोह येऊ द्यावे. बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, आणि घरात मटण शिजले की त्यातला वाटा सुनेला आणि मुलींनाही. भाजीवर लिंबू पिळावे, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा नको.

आणि डाळिंब? ते जरूर खावे. चवीसाठी, त्यातल्या पोषक द्रव्यांसाठी, अल्लाहची नेमत म्हणून खावे. आटपाडीच्या शेतकऱ्याने घाम गाळून पिकवलेले ते फळ आहे. फक्त गोळीचे काम त्याच्यावर सोपवू नये. अल्लाह आपल्या सर्व माता-भगिनींना आफियत देवो. आमीन.