रिकामं रान कुणी पाहिलंय?

मागच्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या शिबिरात रात्री जेवणं झाल्यावर एक इंग्रजी सिनेमा दाखवला. शहरातल्या मित्रांनी आणला होता. नाव 'इनटू द वाइल्ड', म्हणजे रानात आत. शॉन पेन या नटाने २००७ साली काढलेला, खऱ्या घटनेवरचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात जमिनीच्या दाव्यांवर बोलायचं होतं, पण पोरं सिनेमावरच भांडत बसली. म्हणून या वेळचं संपादकीय त्यावर.

गोष्ट अशी. क्रिस मॅककँडलेस नावाचा अमेरिकेतला खात्यापित्या घरचा पोरगा १९९० मध्ये कॉलेज पास झाला. बँकेतले २४ हजार डॉलर त्याने भूकनिवारणाचं काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले, गाडी सोडून दिली, खिशातल्या नोटा जाळल्या, नाव बदललं आणि निघाला. आईबापांना पत्ता नाही. दोन वर्षं भटकून एप्रिल १९९२ मध्ये तो अलास्काच्या बर्फाळ रानात एकटा शिरला. जवळ थोडे तांदूळ आणि एक हलकी बंदूक. ऑगस्टमध्ये तो तिथेच उपाशी मेला. वय २४.

या पोराला हसायचं नाही. पैसा, गाडी, खोटी इज्जत यांचा त्याला वीट आला होता आणि तो खरा होता. नोटा जाळल्या तेव्हा मात्र आपली पोरं हळहळली, त्यांनाही नावं ठेवता येत नाहीत. सिनेमा चालू असताना एक आजी मध्येच म्हणाली, "याला कुणी सोबतीला नाही का?" आम्हाला वाटतं सगळ्या सिनेमाचा सवाल तोच आहे.

कारण सिनेमात ते रान रिकामं दाखवलंय. बर्फ, नदी, डोंगर आणि हा एकटा. पण जरा नीट बघा. तो राहिला एका जुन्या बसमध्ये. रानात बस कुठून आली? १९६१ च्या सुमारास खाणीकडे जाणारा रस्ता दुरुस्त करताना मजुरांना झोपायला ती तिथे ओढून नेलेली, मग तिथेच सोडली. म्हणजे खाण होती, ठेकेदार होता, मजूर होते. ज्या नदीने त्याची वाट अडवली तिचं नाव टेकलानिका, तिथल्या आदिवासींच्या भाषेतलं. तिथल्या सगळ्यात उंच डोंगराला तेच लोक देनाली म्हणतात. सरकारने त्याला एका राष्ट्राध्यक्षाचं नाव दिलंय, ही रीत आपल्याला नवी नाही. नदी-डोंगराला नाव आहे म्हणजे तिथून कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

आता खरी गोष्ट ऐका. रानातलं काय खावं, काय नाही, हे बघायला त्याच्याकडे एक पुस्तक होतं. ते अलास्कातल्या देनाइना आदिवासींच्या वनस्पतींच्या माहितीचं पुस्तक. एका बाईने तिथल्या जाणत्या माणसांना विचारून विचारून लिहिलेलं. समाज सोडून गेलेला हा पोरगा एका समाजाचीच विद्या पिशवीत घेऊन गेला होता. रोजची टिपणंसुद्धा त्याच पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिली. पण पुस्तक म्हणजे माणूस नव्हे. आपल्याकडे कडूकांदा कसा खातात? चकत्या करायच्या, उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. हे आई हात धरून दाखवते, चुकलं तर हातावर मारते. त्याच्या हातावर मारणारं कुणी नव्हतं.

त्याने एक मोठं मूस मारलं, सांबराच्या कुळातलं, घोड्याहून थोर जनावर. मांस धुरावर टिकवायला बघितलं, किडे पडले, सगळं गेलं. त्याला फार वाईट वाटलं, तसं त्याने लिहून ठेवलंय. तिथले लोक पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर सुकवतात. पुढे जुलैमध्ये तो परत यायला निघाला तर नदीला पूर. फिरला माघारी. खाली थोड्याच अंतरावर तारेवरचा पाळणा होता, नदी ओलांडायचा. त्याला माहीत नव्हतं. कुणाला विचारणार?

रान रिकामं आहे ही समजूत त्याने एकट्याने काढलेली नाही. रशियाने १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकला, तिथल्या लोकांना कुणी विचारलं नाही. १९६४ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की खरं रान ते, जिथे माणूस फक्त पाहुणा असतो. मग तिथे राहणारा कोण? तेल सापडल्यावर १९७१ मध्ये आदिवासींना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि पैसे देऊन बाकीचा सगळा हक्क संपवला. तरी ते लोक गप्प बसले नाहीत, १९८० च्या कायद्यात पोटापुरती शिकार-मासेमारी त्यांनी राखून घेतली.

आपल्याकडेही अभयारण्याच्या पाटीवर वाघ असतो, हरीण असतं, माणूस नसतो. फॉरेस्टवाले म्हणतात तुम्ही अतिक्रमणवाले. परवा एका तालुक्याच्या कचेरीत आपल्या माणसांना सांगितलं, "म्हाताऱ्यांच्या गप्पा आणू नका, कागद आणा." साहेबांनी कायदा वाचलेला दिसत नाही. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ पासून लागू. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे, असं नियम १३ मध्ये स्पष्ट आहे. बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा हेही पुरावे आहेत. मात्र एकावर भागत नाही, एकाहून जास्त जोडायचे. आणि ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे.

तेव्हा वनहक्क समित्यांनी आवण्या लागायच्या आत प्रत्येक पाड्यावर बसायचं. बारावीपर्यंत शिकलेली पोरं-पोरी आता सगळीकडे आहेत, त्यांच्या हातात वही द्या. म्हातारी जशी बोलेल तसं लिहा, आपल्या बोलीतच लिहा, सुधारू नका. ओहोळाचं नाव, टेकाडाचं नाव, कुठल्या झाडाखाली कुणाचं खळं होतं, पहिला बांध कुणी घातला, सगळं. खाली तिचा अंगठा, ग्रामसभेचा ठराव, आणि एक प्रत गावातच ठेवा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, पोच घेतल्याशिवाय तर नाहीच.