शब्दांचे मूळ आणि आपले हशील

तहसील कचेरीत महसूल भरायला आलेला शेतकरी ‘एवढे हेलपाटे घालून काय हशील?’ असे उद्वेगाने म्हणतो, तेव्हा तहसील, महसूल आणि हशील ही एकाच अरबी धातूची अपत्ये आहेत, हे त्याच्या गावीही नसते. ‘ह-स-ल’ ही ती तीन व्यंजने. अर्थ, हाती येणे. हाती येते ते हासिल, म्हणजेच आपले हशील. मिळवलेले ते महसूल. गोळा करण्याची क्रिया ती तहसील. अरबीत मूळ व्यंजने अस्थींसारखी अचल राहतात. भोवतीचे स्वर आणि म, त यांसारखे जोडवर्ण ठरीव साच्यांनुसार बदलतात व अर्थ फिरवतात. महसूलचा साचा ‘न-ज-र’ला, म्हणजे पाहण्याला, लावला की मंजूर होतो : पाहिलेले, पसंतीस उतरलेले. नजर आणि न्यायालयातील नाझर हे त्याचे भाऊबंद. अंमल, मामला आणि मामलेदार यांचेही गोत्र एकच.

यवतमाळ या नावाचीही कथा अशीच. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर सांगते की मूळ गाव यवत. परगण्याचे ठाणे म्हणून त्यास ‘महाल’ जोडले गेले व त्याचे ‘माळ’ झाले. (डोंगरांची माळ अशीही उपपत्ती सांगतात, कानाला तीच गोड लागते.) महाल ज्या धातूचा, त्याच ‘ह-ल-ल’चे मोहल्ला आणि हलाल.

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, तो अशा शब्दांनी कारभार व्यापला होता म्हणून. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तोच धागा विसाव्या शतकात उचलला. दिनांक, क्रमांक, महापौर आज सहज तोंडी येतात. माधव जूलियन तर १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करून मग भाषाशुद्धीकडे वळले. परकी भाषा पचवलेल्या विद्वानाची ती निवड होती. तिला द्वेषाचे लेबल लावणाऱ्यांनी हा क्रम ध्यानी घ्यावा.

हे नवे शब्द रुजले ते केवळ आग्रहामुळे नव्हे. आपण अरबी शब्द घेतले ते फारसीच्या मार्गाने, सुटे सुटे, तोडलेल्या फळांसारखे. झाड तिकडेच राहिले. म्हणून ‘ह-स-ल’पासून मराठी माणूस आज नवा शब्द घडवू शकत नाही. ‘कृ’ मात्र आपल्या अंगणात आहे : कर्ता, कार्य, कृती, उपकरण, प्रक्रिया, आणि गरज पडताच प्राधिकरण. तथापि ‘काय हशील’ हद्दपार करावे, असे आमचे म्हणणे नाही. तीन शतके घासून तो पुरता मराठी झाला आहे. खरी चिंता निराळी आहे. अरबी शब्दांना मराठीने निदान आपले प्रत्यय तरी लावले; इंग्रजी शब्द आपण जसेच्या तसे गिळतो, आणि तेही स्वतःचा शब्द हाताशी असताना.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याआधी २०१९ साली यवतमाळात ९२वे साहित्य संमेलनही भरले. आता जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत मराठीच्या शिक्षकांनी एवढे करून पाहावे : फळ्याच्या एका बाजूस ‘कृ’ लिहावा, दुसऱ्या बाजूस ‘ह-स-ल’, आणि दोहोंखाली मुलांनाच शब्द मांडू द्यावेत.